लांबच्या टप्प्यातली सावली

मंडळी, हेब्बाळच्या आमच्या ऑफिसात आज एका माणसाने हेल्मेटने माझा मॉनिटर फोडला. हात रक्ताने भरला, तरी तो हाणतच राहिला.

वरुणा गावाजवळ रस्ता ओलांडताना त्याच्या भावाला ट्रकने चिरडलं होतं. कोर्टासाठी त्या अपघाताचं थ्रीडी दृश्य मी बनवलंय. त्यात सावल्या अंतरानुसार तीन टप्प्यांत लावतात: जवळ, मध्ये, लांब. कॉम्प्युटर अडकू नये म्हणून लांबच्या टप्प्यात मी माणसांच्या सावल्या बंद केल्या होत्या.

आज त्याला ते दाखवताना स्क्रीनवर लांबून ट्रक सावलीसकट आला. भाऊ मात्र सावलीविना चालत होता.

“अवन नेरळु एल्लि?” त्याची सावली कुठंय, असं कानडीत ओरडत त्याने हेल्मेट उचललं.

सावली मी चालू केलीय. दृश्य अडकतंय, अडकू दे की!

सर म्हणतात, पोलिसांत तक्रार दे. तुम्हीच सांगा, पहिला घाव कोणी घातला?