खडूची रेघ मारलेलं बिस्कीट

माझी मावशी शिवणकाम करते. दुपारी चारला मशीन थांबतं, चहा होतो आणि शेजारच्या खोलीतून तिची धाकटी जाऊ येते. डब्यातलं एक बिस्कीट काढते, मधोमध मोडते, अर्धं खाते आणि उरलेलं डब्यात परत ठेवते. गेली एकोणीस वर्षं हे चाललंय. ते अर्धं बिस्कीट मावशीला सलतं. जाऊ उठून गेली की ते खातेही मावशीच, पण म्हणून सलायचं काही थांबत नाही.

"इतका संयम बरा नव्हे," ती मला म्हणायची. "माझं पोट टम्म भरलं तरी हात डब्यातच. आणि येणारीजाणारी मलाच सांगते, जावेकडून शिका काहीतरी."

गेल्या महिन्यात ती गुडघ्यांसाठी डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी आधी वजन पाहिलं, मग समजावलं. पोटाची भूक वेगळी, मजेची भूक वेगळी. खाल्ल्यावर काही संप्रेरकं मेंदूला 'आता पुरे' असं कळवतात, मग खाण्यातली गोडी उतरते. कुणाच्या मेंदूत ती खणखणीत बोलतात, कुणाच्या नुसती पुटपुटतात.

मावशी धुमसतच घरी आली. "म्हणजे संयमबिंयम काही नाही. तिला आतून कुणीतरी ओरडून सांगतं. माझं मेलं पुटपुटतंय. आणि कौतुक मात्र तिचं."

हेव्याला आता डॉक्टरी आधार मिळाला होता. तो दुप्पट झाला.

आतून आवाज येत नसेल तर बाहेरून खूण करू, असं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी चहाआधी टेप लावून बिस्कीट मोजलं आणि कापडावर आखायच्या निळ्या खडूनं रेघ मारली. पण हात पडला शिंपिणीचा. शिलाईसाठी जादा सोडल्याशिवाय त्याला चैन नाही. रेघ मध्यापासून पाव इंच पुढं सरकली. तरी मावशी रेघेशी थांबली. घामाघूम झाली, पण थांबली. निळ्या कडेचा तुकडा तिनं जावेच्या तुकड्याशेजारी ऐटीत ठेवला.

जावेनं कप खाली ठेवला. "ताई, बरं नाही का तुम्हाला?"

"ठणठणीत आहे. आम्हालाही थांबता येतं म्हटलं."

"नका थांबू." जावेचा चेहरा उतरला होता. "दोन घासांनंतर मला चवच लागत नाही हो. भुसा चघळल्यासारखं होतं. तुम्ही डोळे मिटून खाता ना, ते बघायला येते मी इथं. एकोणीस वर्षं जळतेय तुमच्यावर."

मावशीला शंका आली. "म्हणून अर्धं ठेवून जातेस?"

"मग काय. दाराआडून दिसतं सगळं."

मावशीनं निळी कड नखानं खरवडली आणि तुकडा चहात बुडवला. "बघ मग नीट. पण तू एकटीच जळतेस असं समजू नकोस."

या वेळी मात्र तिनं एकच डोळा मिटला. दुसरा उघडा ठेवला, जाऊ किती जळते ते बघायला.