आईच्या थैल्या मी धुतल्या

अन् मी काय चूक बोलत होतो? आमच्या बागली गावात आपलं नाव आहे, अन् आई दारोदार दुधाच्या रिकाम्या थैल्या मागत फिरते!

कॉलेजवाले अन् मी काम करतो ती पीथमपूरची फॅक्टरी मिळून जुन्या थैल्या वितळवून प्लॅस्टिकचे दाणे बनवून पाहतायत. त्यासाठी आईनं महिनाभर जमवलेली पोती आज फॅक्टरीत आली. वास मारत होती. दोस्त हसतील म्हणून मी सगळ्या थैल्या धुऊन टाकल्या.

कॉलेजच्या मॅडम ओरडल्या, "घर का मैल ही तो नापना था! किसने धोई, भिया?"

घरातून थैल्या किती मळून येतात तेच मोजायचं होतं, अन् मी रिकाम्या पोत्यांच्या घड्या घालत बसलो. दोस्तांनो, माझं नाव सांगितलंच नाही.

आईला मात्र फोनवर सांगितलं. म्हणाली, "असू दे रे, परत दारोदार फिरेन. मॅडमना सांग आधी."

उद्या सांगतो. तिच्या रिक्षाला तीनशे रुपये पाठवतोय.