पाचशे रुपये वाढवायचे होते

वाईट भाडेकरूचा किस्सा एकच असतो. तो पळाला की संपला. चांगला भाडेकरू असला की किस्से साचत जातात. सकाळी टपरीवर आम्ही घरमालक मंडळी चहाला जमतो, तेव्हा सगळ्यांत जास्त रडगाणं चांगल्या भाडेकरूंचंच चालतं.

माझ्या वरच्या मजल्यावर मेश्राम सर राहतात. सालेकशाच्या शाळेत शिकवतात, रोज रेल्वेने अप-डाऊन. आले तेव्हा मुलगी कडेवर होती, आता ती कॉलेजात आहे. भाडं मात्र अजून कडेवरच! मला फक्त पाचशे वाढवायचे होते. घरपट्टी वाढली, गच्ची गळायला लागली. पण सर नाराज होऊन गेले तर? असा माणूस पुन्हा मिळायचा नाही, ही धास्ती होती.

पहिल्यांदा दिवाळीनंतर वर गेलो. तोंड उघडायच्या आत सरांनी घरच्या नव्या तांदळाची पिशवी हातात दिली. नवा तांदूळ छातीशी धरून भाडेवाढ कशी मागणार? खाली आलो.

मित्र बिसेन म्हणाला, "तुले जमून नाही राहिलं. माह्यासारखं सरळ बोल."

तो सरळ बोलला होता. त्याची भाडेकरीण लगेच हो म्हणाली. आणि मग विचारलं, "भाऊ, मंग रंग कधी मारून देता? नव्या भाड्याले जुना रंग शोभते का?" आता बिसेन वाढलेलं भाडं दर महिन्याला पेंटरला हप्ता म्हणून देतो.

मग माझी बायको सरांकडे गेली. दुपारी चढली, दिवेलागणीला उतरली.

"झालं का?"

"झालं ना. त्यांचा मिक्सर बिघडला हाय. आपला देऊन आली."

मग मी एका दलालाला पढवलं. गिऱ्हाईक बनून जा, जास्त भाडं बोल, सरांच्या कानावर पडू दे. सरांनी त्याला खोल्या दाखवल्या, चहा पाजला आणि सांगितलं, "मालक देवमाणूस हाय. भाडं वाढवतच नाही." आता तो दलालच माझ्या मागे लागलाय: "भैया, ऊपर का खाली हुआ तो पहले मुझे बताना."

शेवटी गेल्या महिन्यात हिय्या करून वर गेलो. "सर, ते भाड्याचं..." एवढं म्हणालो आणि अडखळलो.

सरांना माझी दया आली. "भाऊ, तुमाले मागताच नाही येत. पोट्टे भाषणाले घाबरले का मी शाळेत प्रॅक्टिस करून घेतो. चाला, मी मालक, तुमी भाडेकरू. पाहा कसं मागाचं."

ते खुर्चीत ताठ बसले, मला समोर उभं केलं. "पाचशे वाढवून राहिलो मी. घरपट्टी वाढली, गच्ची गळून राहिली." अगदी माझ्या मनातलं बोलले.

भाडेकरू म्हणून मलाही काही बोलणं भाग होतं. म्हटलं, "साहेब, पोरीचं कॉलेज आहे. रोजचं अप-डाऊन आहे. इतक्या वर्षांत एक तारीख चुकवली नाही. आणि त्या गळक्या गच्चीखाली आम्हीच तर झोपतो!" बोलता बोलता मलाच ते पटत गेलं.

सर विरघळले. म्हणाले, "बरं, यंदा राहू द्या जुनंच भाडं. पण पुढच्या साली मी ऐकणार नाही."

मी हात जोडले आणि खाली आलो.