पहिलं वाक्य भीतीचं

मला भीती वाटते की हा लेख आमच्या बाईंना आवडणार नाही. गौरवग्रंथ म्हटला की ‘ऋषितुल्य व्यक्तिमत्त्व’, ‘ज्ञानाचा अखंड झरा’ असले शब्द आपोआप पेनाखाली येऊन उभे राहतात, आणि श्रीमती मालतीताई ठवकर यांना अशा शब्दांचा मनापासून राग आहे. म्हणून त्यांच्याच शिस्तीने सुरुवात केली. निबंधाचं पहिलं वाक्य भीतीचं असलं पाहिजे, हा बाईंच्या वर्गाचा नियम. रायपूरच्या मराठी घरांतली आमची पिढी या नियमाखाली वाढली. बाईंच्या पंच्याहत्तरीला तो मोडायची माझी तरी छाती नाही.

नवं राज्य झालं, बाबांच्या खात्याने नव्या राजधानीत कचेरी उघडली आणि आमचं बिऱ्हाड नागपूरहून रायपूरला आलं. जुन्या इमारतींवर नव्या खात्यांच्या पाट्या लागत होत्या, रस्ते खोदून ठेवले होते, आणि मी शाळेत कोणाशीच बोलत नव्हते. त्या दिवसांत आई मला घेऊन गोल बाजारात भांडी घ्यायला गेली. “भैया, बराबर लगाओ ना! एवढंसं पातेलं, अन् काहून इतकं महाग?” आईची घासाघीस चालली होती. मागून कोणीतरी खळखळून हसलं. “नागपूरच्या का वर्ध्याच्या तुम्ही?” खांद्याला कापडी पिशवी, डोळ्यांवर जाड चष्मा आणि दुकानाच्या पार टोकापर्यंत पोहोचणारा खणखणीत आवाज. त्या ठवकर बाई होत्या. एका हिंदी शाळेत शिकवायच्या आणि शनिवारी दुपारी चौबे कॉलोनीतल्या आपल्या घरी मराठी मुलांचा फुकट वर्ग घ्यायच्या. मी आईच्या मागे लपले होते. बाईंनी वाकून माझ्याकडे पाहिलं आणि आईला म्हणाल्या, “पोट्टीले शनिवारी पाठवा. घाबरते ना? मग तर नक्की पाठवा.”

शनिवारच्या वर्गात निबंध असायचे. विषय तेच, जे सगळ्या शाळांत असतात. विज्ञान शाप की वरदान, वैद्यकशास्त्राचे उपकार, इतिहास का शिकावा, माझी आवडती गोष्ट. मी पहिल्याच दिवशी गाइडातून पाठ केलेलं झोकात वाचलं, “आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे.” बाईंनी हात वर केला. “ते युग राहू दे बाजूले. तुले कशाची भीती वाटते, ते सांग.”

मी रडायलाच लागले. बाबांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. त्यांना भूल दिली होती आणि बाहेर आणल्यावर ते हाक मारली तरी ओ देत नव्हते. मी हुंदके देत तेवढंच सांगितलं, की बाबांना कोणीतरी झोपवलं होतं आणि ते आता उठायचेच नाहीत अशी मला भीती वाटली. बाईंनी मला जवळ घेतलं नाही, गप्पही केलं नाही. “हे झालं पहिलं वाक्य,” त्या म्हणाल्या. “मग तू काय केलं?”

“बाबांच्या पायाच्या अंगठ्याले हात लावला.”

“काहून?”

“गरम आहे का, ते पाहाले. गरम होता.”

“शाबास! हे दुसरं वाक्य. इथून विज्ञान सुरू झालं. आता पुढचं लिही.”

पहिलं वाक्य भीतीचं, दुसरं कामाचं. बाईंची सगळी शिकवण मी या दोन वाक्यांत सांगू शकते. मी पुढे डॉक्टर झाले आणि डॉक्टरांतही भूलतज्ज्ञ. याचं श्रेय किंवा दोष, जे काय असेल ते, त्या शनिवारचं आहे. माणसांना झोपवणं आणि परत उठवणं हाच माझा धंदा. इतकी वर्षं झाली तरी प्रत्येक वेळी माझ्या पोटात गोळा येतो. सहकारी हसतात. बाईंना मी हे सांगितलं होतं तेव्हा त्या म्हणाल्या, “गोळा आला नाही त्या दिवशी सुट्टी घेत जा.”

बाईंच्या मायेबद्दलही लिहायला हवं, पण ती माया दिसायला कडकच असे. आमच्या वर्गात बीरगांवहून राजू नावाचा मुलगा यायचा. त्याचे वडील कारखान्यात होते. राजू बोलताना अडखळायचा. ‘माझी आवडती गोष्ट’ उभं राहून सांगायची पाळी आली आणि त्याने वर्गच सोडला. पुढच्या शनिवारी बाई आम्हाला सगळ्यांना घेऊन बसने बीरगांवला त्याच्या दारात! “दीदी, ये नहीं बोल पाएगा,” त्याची आई हात जोडून म्हणत होती. बाईंनी ओट्यावरच बैठक मारली आणि गोष्ट सुरू केली. राजा जंगलात शिरतो, वाट चुकतो, आणि तिथेच बाई थांबल्या. “आता मलेही भीती वाटून राहिली. पुढचं मले माहीत नाही. राजू, तूच सांग.” राजूने सांगितलं. अडखळत सांगितलं, अंधार पडेस्तोवर सांगितलं. कोणी मध्ये बोललं नाही. आज राजू शाळेत इतिहास शिकवतात आणि या ग्रंथाच्या संपादक मंडळात आहेत. या परिच्छेदावर ते काट मारतील अशी मला दाट शंका आहे.

नियम बाईंनाही लागू होता. एकदा आम्हीच धिटाईने विचारलं, “बाई, तुमचं पहिलं वाक्य?” बाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या की त्यांच्या आईंना पक्षाघात झाला आणि त्यांची वाचा गेली. शेवटपर्यंत त्या डोळ्यांनी बोलत राहिल्या आणि घरच्यांना अर्ध्याहून जास्त कळत नसे. “मले मरणाची नाही वाटत भीती. मले आवाज जायची वाटते.” दुसरं वाक्य आम्ही विचारलं नाही. तेव्हा ते कळण्याचं आमचं वय नव्हतं.

गेल्या वर्षी बाईंच्या गळ्याला गाठ आली. थायरॉइडची होती आणि वाढत होती, काढण्यावाचून इलाज नव्हता. आमच्या सर्जनांनी समोर बसवून सगळं नीट समजावलं. आवाजाची नस गाठीला अगदी चिकटून जाते. ती दुखावली तर आवाज बसू शकतो, कधी परततो, कधी परतत नाही. बाई शांतपणे ऐकत होत्या. मीच खुर्चीची कड धरून बसले होते. मग बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. “भूल हीच देईल.”

डॉक्टर लोक आपल्या माणसाला शक्यतो भूल देत नाहीत. निर्णय चुकतो. मी नाही म्हटलं. माझ्याहून चांगल्या डॉक्टरांचं नाव सुचवलं, आर्जवं केली.

“ते चांगलेच असतील,” बाई म्हणाल्या. “पण परक्या माणसाजवळ मी पहिलं वाक्य कशी बोलू?”

ऑपरेशनच्या सकाळी मी बाईंच्या उशाशी उभी होते. नळी, औषधं, यंत्रं सगळं पुन्हा पुन्हा तपासून झालं होतं. अशा वेळी आम्ही रुग्णाला ‘काही काळजी करू नका’ असं म्हणतो. मी तोंड उघडलं आणि बाईंनी डोळे वटारले.

“खरं बोल. पहिलं वाक्य?”

“मले खूप भीती वाटून राहिली, बाई.”

“मलेही.” त्यांनी माझा हात दाबला. “अन् दुसरं?”

मला दुसरं वाक्य सुचलं नाही. औषध शिरेत गेलं होतं. उत्तराची वाट पाहता पाहताच बाईंचे डोळे मिटले.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ निघाली. श्वासाची नळी काढताना आम्ही स्वरतंतू पाहिले, तर एक बाजू हलत होती आणि दुसरी सुस्त पडलेली. सर्जन म्हणाले की सूज असेल, थांबून पाहू. त्यांच्या आवाजात खात्री नव्हती. बाईंनी डोळे उघडले. मी म्हटलं, “बाई, झालं सगळं. काहीतरी बोला.” बाईंचे ओठ हलले आणि त्यातून नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा. मग त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी कधी विसरणार नाही. त्या डोळ्यांनी बोलत होत्या, आणि मला अर्ध्याहून जास्त कळत नव्हतं.

बाहेर बाईंचे जुने विद्यार्थी जमले होते. राजू पुन्हा पुन्हा काचेतून खुणेने विचारत होते, “बोलल्या?” मी नकारार्थी मान हलवत होते. दुपार गेली. नाडी ठीक, श्वास ठीक, रक्तदाब ठीक. सगळे आकडे ठीक होते आणि मला एकाही आकड्याने धीर येत नव्हता. मी देवाला बोलले, सर्जनांवर उगाच ओरडले, नर्सदीदींनी आणलेला चहा तसाच गार केला. बाईंनी मला बोलतं केलं आणि माझ्याच समोर त्यांचा आवाज जातो आहे, हे एकच डोक्यात घुमत होतं. शेवटी काही सुचेना तेव्हा मी बाईंच्या पायथ्याशी जाऊन बसले. चादरीखाली हात घातला आणि त्यांच्या पायाचा अंगठा धरला. कशासाठी, ते मला त्या क्षणी ठाऊक नव्हतं. हातच गेला.

बाई झोपल्या आहेत असं मी समजत होते. खिडकीतलं ऊन भिंतीवरून उतरत होतं. तेवढ्यात उशीकडून खरखरीत, फाटका, पण आवाज आला.

“गरम आहे का?”

मी दचकून उभी राहिले. “हव, बाई. गरम आहे.”

“मग रडतेस काहून? पुढचं लिही.”

मी काचेकडे धावले. राजूंना सांगायला शब्द फुटेनात. आता अडखळायची पाळी माझी होती, आणि ते अगदी शांतपणे थांबून राहिले.

बाईंचा आवाज पूर्वीसारखा झाला नाही. गोल बाजारातल्या दुकानाच्या टोकापर्यंत तो आता पोहोचत नाही. जेमतेम हातभर अंतरावर ऐकू येतो. शनिवारचा वर्ग मात्र सुरू आहे. मुलं मराठीतला प्रश्न ऐकून हिंदीत उत्तर देतात, बाई ते चालवून घेतात, गाइड मात्र चालवून घेत नाहीत. ऐकू यावं म्हणून मुलं इतकी पुढे सरकून बसतात की बाईंच्या पायाशी जागा उरत नाही. आम्हा मोठ्यांना तर दाराबाहेर चपलांजवळ उभं राहावं लागतं.

गौरवलेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं असतं. बाईंच्या शिस्तीत ते असं लिहावं लागेल. मला भीती वाटते की एखाद्या शनिवारी आम्ही चौबे कॉलोनीतल्या त्या दारात येऊ आणि आतून तो खरखरीत आवाज येणार नाही.

म्हणून या शनिवारी मी लवकर जाणार आहे, मुलांच्या आधी, आणि बाईंच्या पायाशी जागा धरून बसणार आहे.