शेकाच्या खोलीबाहेरचा बाक

दवाखान्याच्या एकाच बाकावर रोज बसायला लागलं की किस्से आपोआप साचतात. ते कोणी झाडूनही काढत नाही. आमचा बाक शेकाच्या खोलीबाहेर होता. कॅन्सरवर मशीननं लाईट देतात ना, त्याला आम्ही सारे शेकच म्हणायचो. माझ्या बायकोच्या, कौसल्येच्या डोक्यात गाठ होती. ऑपरेशन झालं, मग शेक लागला, आणि झटके येऊ नयेत म्हणून एक गोळी. नंदनवनहून आम्ही दोघं ऑटोनं यायचो. ती आता नाही. पण बाक काही डोक्यातून जात नाही.

*

शेक देताना तोंडावर जाळीचा घट्ट मास्क बसवतात. डोकं जरासुद्धा हलू नये म्हणून. पहिल्या दिवशी ती बाहेर आली तर गालांवर, कपाळावर सगळी जाळी उमटलेली! मी घाबरलो.

ती म्हणाली, "जलमभर तुमच्या मागावर बसून लुगडी विणली. आज यायनं मलेच विणून काढलं!"

*

बाकावर शेजारी देवराव बसायचे. नरखेडकडचे संत्रेवाले. त्यांच्या गळ्याला शेक होता. स्वतःला गिळता येत नव्हतं, पण पिशवी भरून संत्री आणायचे आणि सगळ्यांना खाऊ घालायचे.

मग एक दिवस कौसल्येच्या कानामागे लाल पुरळ उठलं. तिथून मानेवर, मानेवरून पाठीवर. खाज तर अशी, की बसवेना. सारा बाक देवरावांकडे पाहू लागला.

"संत्र्यानं काही होत नाही गा!" ते चिडले. "फुकट बदनाम नोका करू!"

दुसऱ्या दिवशी मात्र मुकाट्यानं मोसंबी घेऊन आले.

*

घरी शेजारच्या शांताबाईनं पाहिलं आणि हातच जोडले. "अंगावर माता आली वं! आता सारी औषधं बंद कर."

कौसल्या म्हणाली, "बंद करतो. पण झटका आला तर मातेले बोलावू का डॉक्टरले?"

शांताबाईनं तरी तिच्या पदराच्या पिनेत कडुनिंबाची डहाळी खोचलीच. तशीच आम्ही डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन बसलो.

"हे कोणी दिलं?" बाईंनी विचारलं.

"शांताबाईनं," कौसल्या म्हणाली. "फी नाही घेत ते!"

*

बाईंनी पाठ पाहिली आणि त्यांचं हसू गेलं. म्हणाल्या, हे झटक्याच्या गोळीनं झालं आहे. डोक्याला शेक चालू असताना ही गोळी काही लोकांच्या कातडीला सोसत नाही. ती गोळी लगेच बंद करून दुसरी दिली. तोंडात फोड आले, डोळे लाल झाले, कातडी सुटायला लागली, तर तसंच दवाखान्यात यायचं, घरी थांबायचं नाही. आणि कातडी निवेपर्यंत शेक बंद.

तोवर ती कशाला घाबरली नव्हती. आता घाबरली. "शेक अर्धाच राहून गेला तं गाठ ऐकन का?" एवढंच विचारायची. तपासणीला गेलो की बाकावर बसून त्या दाराकडे अशी पाहायची, जणू माहेरची एसटी डोळ्यांदेखत निघून गेली.

देवरावांना बघवेना. "वहिनी, माह्या नंबरात तुमी जा. मशीनले का समजते!"

ती हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

*

खाजवायचं नाही अशी ताकीद होती. फक्त गुलाबी लोशन हलक्या हातानं लावायचं. आता माझे हात! आधी माग ओढला, मग हिंगण्याला कारखान्यात लोखंड उचललं. कौसल्या सारा संसारभर म्हणत आली, "हात हाय का किसणी? दूर ठेवा!"

म्हणून मी कापूस घेतला.

"कापूस ठेवा बाजूले," ती म्हणाली. "हातानंच लावा."

रोज दुपारी ती खाटेवर पाठ करून बसायची. मी हळूहळू तळहात फिरवायचो.

पुढच्या तपासणीला बाईंनी पाठ पाहिली. पुरळ ओसरलं होतं. म्हणाल्या, "छान! आजपासून शेक सुरू करू. आजी, खाज आहे का अजून?"

"नाही वं माय! ते तं कधीचीच गेली. हप्ता झाला."

मी तिच्याकडे पाहिलं. आदल्याच दुपारी मी लोशनच्या बाटलीचा तळ गाठला होता. ती वर पंख्याकडे पाहत होती.

शेक झाला. देवरावांनी साऱ्या बाकाला संत्री वाटली. वाटेत तिनं ऑटो थांबवून औषधाच्या दुकानातून काहीतरी घेतलं. घरी आलो, जेवलो. ती खाटेवर बसली, माझ्याकडे पाठ केली आणि लोशनची नवी बाटली मागं सरकवली.

"चला, हात चालवा," ती म्हणाली. "लई खाज सुटून राहिली."