आधी तू हुंग

कुणाबद्दल लिहावं एवढा मी मोठा नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजात पाऊल टाकणारा मी पहिला. अर्ज सोडला तर एक पानभर सलग लिहिण्याची वेळ आमच्यात कुणावर आली नव्हती. त्यामुळे काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्यावं. पण हुंगेकाकांबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, आणि मला त्यांना एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे.

हुंगेकाका हे त्यांचं आडनाव नव्हे. घाटकोपरला आम्ही राहतो त्या डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं स्टोव्ह आणि गॅसबत्त्या दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन माणसं समोरासमोर बसली तर तिसऱ्याने बाहेर उभं राहायचं, एवढंच. स्टोव्ह घेऊन कुणीही आलं की काका त्याला हात लावत नसत. आधी विचारत, "तेल कुठून आणलं? कोणी दिलं? डब्यात आधी काय होतं?" मग डब्याचं झाकण उघडून गिऱ्हाइकासमोर धरत. "आधी तू हुंग. मग मी." गिऱ्हाइकाने हुंगलं की ते स्वतः झाकण नाकाशी नेत आणि निकाल देत. सगळी गल्ली त्यांना हुंगेकाका म्हणायची. तोंडावर नाही.

रेशनचं निळं रॉकेल बंद झाल्यापासून लोक स्टोव्हमध्ये काय काय ओतू लागले होते. कुणी डिझेल, कुणी रंगवाल्याचा थिनर. "डिझेल बर्नर चोंदवतं, थिनर वायसर खातो," काका म्हणायचे, "आणि माणूस दोन्ही घालून वर विचारतो, काका, तुम्ही केलेली दुरुस्ती टिकली नाही कशी?" एकदा मुलुंडची ट्रेकिंगची पोरं आली. त्यांच्याकडे झकास परदेशी स्टोव्ह होता आणि बाटलीत तळणाच्या उरलेल्या तेलापासून बनवलेलं काहीतरी.

"काका, हे पर्यावरणाला चांगलं असतं."

"पर्यावरण वर डोंगरावर चहा पिणार आहे की तुम्ही?" काका म्हणाले. "आधी हुंग. कसला वास येतो?"

"भज्यांचा," तो पोरगा ओशाळून म्हणाला.

"मग भजीच तळा त्यात."

गॅसबत्त्या ते भर दुपारी, उन्हात पेटवून तपासत. उन्हात जी बत्ती डोळ्याला टोचते तीच खरी, असं त्यांचं म्हणणं. विश्वास मात्र कशावरच नव्हता. स्टोव्हच्या निपलवर नव्हता, बत्तीच्या नव्या जाळीवर, म्हणजे मेंटलवर नव्हता, शेजारच्या चावीवाल्यावर तर नव्हताच. स्वतःचा चहा तेवढा ते विसरायचे. मागच्या स्टोव्हवर दूध करपून धूर निघायचा, आणि चावीवाल्याने ओरडून सांगितलं की मगच ते वळायचे. जगावर नजर ठेवणाऱ्याचं स्वतःच्या दुधाकडे लक्ष नाही, म्हणून आम्ही हसायचो.

माझी आई मरोळला कारखान्यांच्या गेटाबाहेर थालीपीठं आणि चहा विकते. तेव्हा ती सगळं पंपाच्या स्टोव्हवर करायची. रॉकेल मिळेना, तेव्हा मी पुढाकार घेतला. केमिस्ट्री घेतली होती ना. गॅरेजमागचा एक माणूस म्हणाला, "सेम रॉकेल आहे यार, फक्त कुणाला सांगू नको." मी पाच लिटरचा कॅन आणला. आई खूश. स्टोव्ह नीट चालत नव्हता म्हणून तो आणि कॅन घेऊन मी काकांकडे गेलो.

"कुठून आणलं?"

"मामांनी पाठवलं. गावाहून."

"डब्यात आधी काय होतं?"

"पाणी."

"आधी तू हुंग."

मी हुंगलं. रॉकेलच होतं. पण त्यात काहीतरी गोडसर, नाकात चढणारंही होतं. मला ते कळलं होतं, हे आज लिहिताना लपवत नाही. मी म्हटलं, "रॉकेल."

काकांनी झाकण नाकाशी नेलं. त्यांची नजर माझ्यावरच होती. मग झाकण घट्ट लावलं, पान्याने स्टोव्हचा बर्नर काढला आणि खणात टाकला.

"हे नुसतं रॉकेल नव्हे. बर्नर राहू दे. आईला पाठव."

मला राग आला. गल्लीत लोक म्हणायचेच की म्हातारा पितळी बर्नर ठेवून घेतो आणि भंगारात घालतो. नाहीतर स्वतःचं तेल खपवायचं असेल. मी म्हटलं, "काका, बर्नर आमचा आहे."

ते चिडले की मालवणीवर यायचे. "तुझो न्हय, तुझ्या आवशीचो. तिच्या तोंडाफुडे पेटता तो."

त्यांना खोटं पाडायचं म्हणून मी त्या कॅनमधलं थोडं तेल छोट्या बाटलीत घालून पार्ल्याला कॉलेजात नेलं. सरांनी काचेच्या वाटीत चार थेंब टाकले आणि मला पेटती काडी हळूहळू जवळ न्यायला सांगितलं. साधं रॉकेल असं पटकन पेटत नाही. काडी वाटीपासून बोटभर लांब असतानाच भप्पकन जाळ झाला. सर म्हणाले, "पेट्रोल आहे रे यात. कुठून आणलंस?" मला आई स्टोव्हला पंप मारताना किती वाकते, तेवढंच दिसत होतं.

आई काकांकडे गेली. त्यांनी बर्नर परत दिला, नवा वायसर घातला, आणि सांगितलं की आता हा स्टोव्ह माळ्यावर टाका, छोटा गॅस सिलिंडर घ्या. आई घरी येऊन म्हणाली, "स्टोव्हवाला माणूस गॅस घ्या म्हणतो! यात ह्याचं काहीतरी असणार बघ." तरी तिने घेतला. मग आमचं त्या दुकानात काम उरलं नाही. मी समोरून जायचो. थांबून सांगावंसं वाटायचं की काका, मामांनी पाठवलं हे खोटं होतं. पण ते मान वर करून बघायचे आणि माझे पाय पुढे जायचे.

नंतर ते गावी गेले. दुकान बंद दिसायचं. गेल्या आठवड्यात शटर अर्धं उघडं होतं. आत त्यांची मुलगी सामान बांधत होती. काका मागच्या महिन्यात वारल्याचं तिने सांगितलं. मी म्हटलं, "ताई, त्यांच्या नाकाने माझ्या आईला वाचवलं."

तिचा हात थांबला. "नाकाने?"

मी सगळं सांगितलं. मामांचं खोटंसुद्धा. तिने हातातलं मेंटलचं पाकीट खोक्यात ठेवलं.

"अरे, बाबांचं नाक कोरोनात गेलं ते परत आलंच नाही. घरात दूध करपलं तरी त्यांना कळायचं नाही. आई सांगायची, आता दुकान बंद करा. तर म्हणायचे, डबा कळत नाही, पण आणणारा कळतो. म्हणून आधी त्यालाच हुंगायला लावतो आणि त्याच्या तोंडाकडे बघतो."