वरचा दात आणि मामाची पिकअप

"मॅडम, दाताचे जुलाब हायेत. औषध कशाला?" बोरी बुद्रुकमध्ये बाळाच्या आजींनी मला दारातच अडवलं. नऊ महिन्यांचा विहान त्याच्या आईच्या, पूजाच्या, खांद्यावर मलूल पडला होता. सकाळपासून सात वेळा पातळ शी झालेली.

मी उपकेंद्रातली सीएचओ, म्हणजे गावपातळीवरची आरोग्य अधिकारी. असलं काही ऐकलं की माझी जीभ सुटते.

"दातांमुळे जुलाब होत नाहीत, आजी! हिरड्या शिवशिवतात म्हणून बाळ दिसेल ते तोंडात घालतं. त्यातून जंतू पोटात जातात."

चघळायला दोरीत बांधून दिलेली खारीक अंगणात लोळत होती. मी तीच उचलून पुरावा म्हणून नाचवली. भाषण झकास झालं. त्यात दहा मिनिटं गेली. मग बाळाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती हळूहळू बसली. डोळे खोल गेलेले. अंगातलं पाणी कमी झालं होतं, आणि मी भाषण देत होते.

ओआरएस चमच्याने सुरू केलं. दोनदा उलटीतून बाहेर पडलं. दवाखाना गाठायलाच हवा होता. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या केसवर गेलेली. दारात टोमॅटोची रिकामी पिकअप उभी होती, पूजाच्या भावाची. तो मात्र उंबऱ्याबाहेरच घुटमळत होता.

"पोराचा वरचा दात आधी आलाय," आजी म्हणाल्या. "मामाला वाईट असतं. विधी झाल्याबिगर त्यानं तोंड बघायचं नाय."

"मग न बघता गाडी चालवा!" मी ओरडले.

मामानं टॉवेल डोक्यावरून दोन्ही गालांवर सोडला, टांग्याच्या घोड्याच्या झापडांसारखा. आम्ही तिघं आणि बाळ केबिनमध्ये. ओआरएसचा चमचा माझ्या हातात.

"दादा, रस्ता तरी दिसतोय का?" पूजानं विचारलं.

"रस्ताच दिसतोय गं. भाचा पितोय का?"

"पितोय."

"मॅडम, दात झाकून पाजा!"

मला इतकं हसू आलं की अर्धा चमचा माझ्याच ओढणीवर सांडला.

दवाखान्यात पूजा केसपेपर काढायला गेली. डॉक्टरांनी मला माहिती विचारायला बोलावलं. बाळ आणि चमचा मामाकडे. त्यानं डोळे गच्च मिटलेले. चमचा बाळाच्या कानाकडे चालला होता.

"अहो पावणं," डॉक्टर ओरडले, "कान आहे तो! बघून पाजा!"

मामा थांबला. विहान सुकल्या ओठांनी कुरकुरला.

"व्हायचं ते होऊ दे माझं," म्हणत मामानं डोळे उघडले आणि चमचा नीट तोंडात दिला. विहाननं तो करकचून धरला. "आयला, चावतोय लई जोरात! मॅडम, बघा की!"

सलाईन लागलंच नाही. चार तास मामा चमच्यामागून चमचा पाजत राहिला. शेवटी विहाननं त्याच्या पॅन्टवर भरपूर शू केली. अंगात पाणी भरल्याची ती पावती. मी टाळ्या वाजवल्या, डॉक्टरांनीही.

"आजींना सांगा," मामा पॅन्ट झटकत म्हणाला, "वाईट झालं ते एवढंच."

झिंकचं औषध चौदा दिवसांसाठी देऊन आम्ही परतलो. जुलाब लागले की तोंडातले दात नंतर मोजावेत, ओले लंगोट आधी. आणि भाषण सगळ्यात शेवटी.